चहाची मेंढी

आमच्या घरी कोणी पाहुणा आला आणि मी त्याच्यापुढे कोरा चहा ठेवला, की माझा नवरा जमिनीकडे पाहत बसतो. पाहुणा काही बोलत नाही, पण त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. दारात एवढा मेंढरांचा कळप आणि चहात दुधाचा थेंब नाही, बाई भारी चिकट दिसते. दिसू दे. एके काळी मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा पाजण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ते मी स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायची.

आमचं गाव मार्कंड्याच्या बाजूला, वैनगंगेच्या काठावर. धान कापून झालं की इकडचे शेतकरी बांध्यांमध्ये लाखोळी नाहीतर हरभरा घेतात, त्यामुळे मेंढरांना पाय ठेवायला जागा राहत नाही. म्हणून दर हिवाळ्यात आम्ही दोघं कळप घेऊन जंगलाच्या कडेच्या गावांकडे जातो. तिथे धानाचं एकच पीक निघतं, बाकी वर्ष वावरं मोकळी असतात. मेंढरं रात्री वावरात बसतात, लेंडीमुताचं खत पडतं, आणि त्याच्या बदल्यात वावराचा मालक आम्हाला धान देतो. मेंढ्या विणायचा काळही नेमका हाच. घरी आरामात बसून कोकरं जन्माला आलीत असं माझ्या उभ्या संसारात झालेलं नाही. सगळी परक्याच्या वावरात, काट्याच्या कुंपणात, धुक्यात जन्मली.

त्या दिवसांत मला कोणी दुसरं माणूस भेटत नाही आणि भेटलं तर माझ्या तोंडापुढे टिकत नाही. मी बोलते फार. त्यातही कोकरांच्या बाबतीत माझी मिजास मोठी होती. अडलेली मेंढी मी सोडवते, थंडीनं गारठलेलं पिल्लू पदरात घेऊन शेकोटीजवळ बसते, न घेणाऱ्या आईला घ्यायला लावते. माझ्या हातचं कोकरू मरत नाही, असं मी इतक्यांदा बोलून दाखवलं होतं की नवरा माझ्या आधीच ते वाक्य पुरं करायचा.

लग्नात माझ्या आईनं मला एक मेंढी दिली होती. एका डोळ्याभोवती तपकिरी ठिपका, बाकी सगळी काळी. तिच्या पोरी झाल्या, पोरींच्या पोरी झाल्या. काही रोगानं गेल्या, एक बिबट्यानं नेली, दोन अडचणीत विकाव्या लागल्या. आई वारली त्या वर्षी त्या वंशातली एकच उरली होती, डोळ्याभोवती तोच ठिपका असलेली. मी तिला माहेरची म्हणायची. नवरा चिडवायचा, "तुही माय आली पाह्य चरून." मी वरून रागवायची, पण मला ते आवडायचं.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही ज्या गावी बसलो होतो, ती गोंड लोकांची वस्ती. आम्ही तिथे पहिल्यांदाच गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात माहेरची व्याली आणि उजाडता उजाडता गेली. माझ्या हातातच गेली. मागे कोकरू राहिलं, मादी, आणि तिच्या डोळ्याभोवती तो ठिपका. मला रडायलाही वेळ नव्हता, कारण ते उभं राहून लटपटत माझ्या लुगड्याला तोंड लावत होतं. हे गेलं तर आईचं माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं.

मी सगळे उपाय करून पाहिले. ताज्या व्यालेल्या मेंढीच्या अंगाचा ओलावा तिला ते आपलं वाटावं म्हणून त्याच्या पाठीला चोळला, तिनं चाटावं म्हणून मीठ लावलं, मेंढीला मांडीत दाबून धरून त्याला पाजायचा प्रयत्न केला. मेंढ्या लाथा मारायच्या. कापणीच्या वेळच्या पावसानं त्या साली धानाची तणस सडली होती, रानातही दम नव्हता, आणि मेंढ्यांच्या कासेत स्वतःच्या पोरांपुरतंच दूध होतं. मी एकेका मेंढीची कास चाचपून पाहिली आणि नवऱ्याला म्हटलं, "कोनाच्याच अंगावर जास्तीचं नाई." हे मी अगदी खऱ्या मनानं म्हटलं होतं.

मग लोटा घेतला आणि गावात गेले. आमच्या काठावरच्या गावांत असं मागण्यात काही वावगं नाही. कोणाच्याही दारात जा, पिल्लाला दूध पाहिजे म्हणा, वाटीभर मिळतंच.

गावाच्या तोंडाशी एक घर होतं. अंगणात मोहाचं झाड, त्याला बांधलेली गाय, गायीपाशी वासरू. पलीकडे एक बकरी आणि तिचं एकुलतं एक पिल्लू. एक म्हातारी बाई उन्हात बसून टोपलीतल्या शेंगा निवडत होती. मी लोटा पुढे केला.

"बाई, पिल्लू बिनमायचं हाय. वाटीभर दूध द्या ना."

ती माझ्याकडे पाहून हसली. "आमी नाई काढत दूध."

"आज नाई काढलं का?"

"कवाच नाई काढत. ते वासराचं हाय."

मला वाटलं, ही मला टोलवते आहे. एवढी दुभती गाय दारात, आणि म्हणे दूध काढत नाही. माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, "आमच्या मेंढराच्या लेंड्या तुमच्या गावच्या वावराले चालतात, अन वाटीभर दूध द्याले हात काऊन आखडते? नाई द्याचं त नाई म्हना, वासराचं नाव काऊन घेता?"

तिचं हसणं थांबलं. ती शेंगा निवडत राहिली. मी पुढच्या घरी गेले, त्याच्या पुढच्या घरी गेले. सगळीकडे गायी होत्या, बकऱ्या होत्या, आणि सगळीकडे तेच उत्तर. मला तर खात्रीच झाली की सगळं गाव आपसात ठरवून बसलं आहे.

मेंढरांच्या वाड्यावर परत येऊन मी नवऱ्यापुढे आग ओकली. तो गवताची पेंढी सोडत होता. त्यानं शांतपणे सांगितलं, "अवं, हे लोक काढतच नाईत दूध. जुनी रीत हाय त्यायची. गायीचं वासराचं, बकरीचं तिच्या पिल्लाचं. तुले माईत नव्हतं का?"

मला माहीत नव्हतं. जन्मभर या जंगलाच्या कडेनं हिंडले, यांच्याच वावरांत बसले, यांच्याच विहिरीचं पाणी प्यायले, आणि हे माहीत नव्हतं. कारण कधी विचारलं नव्हतं. ती बाई खरं बोलत होती आणि मी तिच्या दारात उभी राहून तिला खोटं पाडून आले होते. मला लाज वाटली. पण मी उठून माफी मागायला जाणारी बाई नव्हते. मी कोकराला तांदळाची पेज बोटानं चाटवत बसले. संध्याकाळपर्यंत त्याला हगवण लागली आणि त्याला मानही धरवेना.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं, तेव्हा कुंपणापाशी ती उभी. एका हातात बकरीचा दोर, काखेत बकरीचं पिल्लू.

"जिवंत हाय का?" तिनं विचारलं.

मी मानेनंच हो म्हटलं. तिनं बकरी खुंटीला बांधली, स्वतः तिच्या तोंडापाशी बसली आणि तिच्याशी गोंडीत काहीतरी बोलत राहिली. एका बाजूनं तिनं आपलं पिल्लू लावलं, आणि दुसऱ्या बाजूला माझं कोकरू लावायला मला खूण केली. कोकराला ताकद नव्हती. मी सवयीनं सड धरून त्याच्या तोंडात धार काढायला हात पुढे केला.

"हात नको लावू," ती म्हणाली. "त्याचं त्याले पेऊ दे. मानसानं काढलं त ते मानसानं घेतलं. पिल्लानं तोंड लावलं त ते पिल्लापिल्लायचं हाय."

मी हात मागे घेतला. कितीतरी वेळ कोकरू नुसतं नाक घासत होतं. माझा जीव टांगणीला लागला होता, हात तर शिवशिवत होते. मग त्याला सड सापडला. त्याची शेपटी हलायला लागली तेव्हा मी तोंड फिरवून रडले.

त्यानंतर ती रोज यायची. सकाळी एकदा, दिवस कलायच्या आधी एकदा, कारण त्या भागात वाघाचा वावर होता आणि उशिरा कोणी बाहेर थांबत नसे. यायची, बकरी बांधायची, दोन्ही पिल्लं पिईपर्यंत दगडावर बसायची आणि निघून जायची. माझ्या त्या दिवशीच्या बोलण्याचा तिनं एका अक्षरानं उल्लेख केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. त्याऐवजी मी नुसती बडबड करायची, मेंढ्यांबद्दल, माझ्या आईबद्दल, त्या ठिपक्याबद्दल. ती ऐकून घ्यायची. कोकरू दिवसागणिक भरत गेलं. तिच्या बकरीच्या पिल्लाच्या पाठीची हाडं मात्र वर आली होती. ते मला दिसत होतं आणि तिलाही दिसत होतं. आम्ही दोघीही त्यावर बोललो नाही.

माफीचे शब्द काही माझ्या तोंडातून निघेनात, म्हणून मी ठरवलं की हिला चहा पाजायचा. साधा नाही, आपला खास. ती थांबतच नसे. एका सकाळी मात्र दाट धुकं पडलं, थंडीनं बोटं वळेनात, आणि ती शेकोटीपाशी बसली. मी मोठ्या उत्साहानं पातेलं चढवलं.

आता ही चहाची मेंढी काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे हंगामात जी मेंढी पहिली विते, तिच्या दुधातला एक वाटा घरचा. माझी आई तसंच करायची, सासूही तसंच करायची. सकाळी त्या मेंढीचं कोकरू बाजूला खुंटीला बांधायचं, आधी गडूभर दूध काढायचं, मग कोकरू सोडायचं. दिवसभर रानात उन्हातान्हात हिंडणाऱ्याला तेवढंच एक सुख. त्या मेंढीला आम्ही चहाची मेंढीच म्हणतो. मी सगळ्या मेंढ्यांच्या कासा चाचपल्या होत्या असं वर म्हटलं, त्यात ही धरली नव्हती. मुद्दाम नाही. माझ्या डोक्यात ती बाकीच्या मेंढ्यांत मोजलीच जात नव्हती.

मी तिचं कोकरू खुंटीला बांधलं, दूध काढलं. गडूत फेस आला. कोकरू खुंटीला हिसके देत ओरडत होतं, पण ते रोजच ओरडतं. चहा उकळला, मी स्टीलच्या ग्लासात ओतला आणि म्हाताऱ्या बाईच्या हातात दिला.

तिनं ग्लासात पाहिलं. मग मला विचारलं, "हे कोनाचं?"

"मेंढीचं बाई, ताजं हाय," मी कौतुकानं म्हटलं. "असा चहा तुमाले कुठी भेटनार नाई."

"तसं नाई. कोनाचं हाय?"

खुंटीला बांधलेलं कोकरू ओरडत होतं. नवरा हातातली काडी तशीच धरून बसला होता. आणि मला एकदम कळलं की ही काय विचारते आहे. त्याबरोबरच कळलं की कोकरू मरायला टेकलं असताना मी लोटा घेऊन हिच्या दारात गेले होते, हिला नको ते बोलले होते, आणि त्याच सकाळी आम्ही दोघांनी हाच घट्ट चहा पिऊन घेतला होता. दूध आमच्याकडे होतं. रोज होतं. ते आम्ही पीत होतो, आणि हिची बकरी माझं कोकरू पाजत होती, आणि हिचं पिल्लू वाळत होतं.

तिनं टोमणा मारला असता तर मी उलटून बोलले असते, ते मला जमतं. पण ती टोमणा मारत नव्हती. दारातल्या चपला कोणाच्या, असं कोणी विचारावं तसं ती खरंच विचारत होती. माझं तोंड भाजल्यासारखं झालं.

तिनं ग्लास हळूच खाली ठेवला. "मी कोरा पेतो," ती म्हणाली, जणू आवडीनिवडीचीच गोष्ट होती.

मी कोरा चहा केला. तिनं तो फुंकून फुंकून प्यायला आणि बकरी घेऊन गेली. दुधाचा चहा तसाच राहिला. मी नवऱ्याकडे सरकवला, त्यानंही हात लावला नाही.

"मले एकदा वाटलं होतं," तो म्हणाला, "का चहाचीले लावून पाहावं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तुह्यापुढं कोन बोलते?"

त्या दिवशी मी चहाच्या मेंढीचं कोकरू सोडलं ते सोडलंच. माझं कोकरू तिला लावायलाही पाहिलं. पण उशीर झाला होता. मेंढी त्याला हुंगून ढुशी मारायची, आणि त्याचं तर लक्षच नव्हतं, ते कुंपणाशी उभं राहून गावाच्या वाटेकडे पाहायचं. त्याची आई आता ती बकरी होती. म्हातारी येत राहिली. मी कोरा चहा करत राहिले.

हंगाम संपला. निघायच्या दिवशी कोकरू चांगलं उड्या मारत होतं, गवत तोडत होतं. ती शेवटची पाजायला आली. मी रात्रभर मनाशी ठरवलं होतं की तिला काय सांगायचं. मी कोकरू उचलून छातीशी धरलं आणि म्हटलं, "बाई, हे तुमीच ठेवा. तुमच्या बकरीनं वाढवलं."

ती माझ्या हातांकडे पाहत होती. "तोंडानं देऊन राह्यली पोरी, हातानं नाई," ती म्हणाली. आणि हसली, पहिल्या दिवसासारखी. "मले काऊन देतेस? खाली ठेव त्याले. ज्याचं असंल त्याच्याकडं जाईन."

बकरी चार पावलांवर होती. कोकरू माझ्या हातांत वळवळत होतं, तिच्याकडे मान लांबवत होतं. ते कुठे जाईल ते मला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. मला फक्त वाकायचं होतं.

मी वाकले नाही. मला आईचा तो ठिपका सोडवला नाही. मी तशीच उभी राहिले, आणि शेवटी तीच उठली. तिनं बकरीचा दोर सोडला आणि तिला घेऊन घराकडे चालू लागली, म्हणजे कोकराला ती दिसू नये. माझी अडचण होऊ नये म्हणून ती गेली. वळणावरून बकरीचा आवाज येत होता आणि कोकरू माझ्या हातांत ओरडत होतं. त्या दिवशी मी कळपाच्या पुढे चालले, नवऱ्याला माझं तोंड दिसू नये म्हणून.

पुढच्या हिवाळ्यात मी त्या गावाला जाऊ दिलं नाही. वाघाचं कारण सांगितलं, चाऱ्याचं सांगितलं, जे सुचेल ते सांगितलं. नवऱ्यानं मान हलवली, पण त्याचा एकाही कारणावर विश्वास नव्हता. या वर्षी मात्र त्यानं मला न विचारता वावराच्या मालकाला फोनवर होकार देऊन टाकला. मी भांडले नाही. त्याचंच त्याला नवल वाटलं.

यंदा ती ठिपकेवाली पहिल्यांदा व्याली, आणि योग असा की त्याच गावात, आम्ही पोचलो त्याच आठवड्यात. मी तिच्या दुधाला हात लावला नाही. कोकरू पायावर उभं राहिलं, तसा मी तिच्या गळ्यात दोर घातला, कोकरू काखेत घेतलं आणि गावात गेले. या वेळी माझ्या हातात लोटा नव्हता.

मोहाचं झाड तसंच होतं. म्हातारी खाटेवर उन्हात पडली होती, फार वाळली होती. बकरीही म्हातारी झालेली, एक शिंग मोडलेलं. बोलायला मी काही आणलंच नव्हतं. मी कोकरू खाली ठेवलं आणि मेंढीच्या गळ्यातला दोर काढून घेतला. मग मागे सरले, वाट मोकळी करून.

बकरीनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पाला खाऊ लागली. मेंढी उभी राहिली. मी तिला मागून ढकललं, हळू आवाजात म्हटलं, "जा ना वं, जा." ती दोन पावलं गेली, बकरीला हुंगलं, मग वळली आणि माझ्या गुडघ्यांमागे येऊन उभी राहिली. तिचं कोकरू तिच्या कासेला ढुशा देत प्यायला लागलं.

म्हातारीनं ते सगळं नीट पाहिलं. "आता तुहंच हाय ते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

कधीतरी हे ऐकून मला आनंद झाला असता. मी देण्यासाठी आले होते आणि देण्यासारखं काही उरलंच नव्हतं, ते मी मागच्या वेळी निघतानाच छातीशी धरून नेलं होतं. ती हळूहळू उठली, आत गेली आणि चहा करून आणला. कोरा, गूळ घातलेला. मी तो सगळा प्यायले, कारण तिच्यासमोर तो टाकून उठायला मला तोंड नव्हतं.